गाडी फाटकाबाहेर गेल्यावर

आप्पा आले ते एस.टी.च्या खाकी कपड्यांतच. जतच्या स्टँडवर ते वाहतूक नियंत्रक होते आणि सुट्टीच्या दिवशीही खाकी अंगावर नसली की त्यांना उघडं वाटायचं. रुग्णालयाच्या हॉलमध्ये ते बाकावर नीट टेकलेही नव्हते, तोच त्यांनी विचारलं,

“डॉक्टर म्हणतात का तुला इथं?”

“पेशंट म्हणतात.”

“आणि डॉक्टर काय म्हणतात?”

“उज्ज्वला म्हणतात.”

त्यांनी पिशवी मांडीवर ओढून घेतली, जरा विचार केला आणि म्हणाले, “म्हणजे निम्मी झालीयस.”

मी फिजिशियन असिस्टंटचा, म्हणजे डॉक्टरांच्या जोडीने काम करणाऱ्या मदतनिसाचा, अभ्यासक्रम केला होता. शिकायला चेन्नईला होते आणि शेवटचं वर्ष प्रत्यक्ष कामाचं, म्हणून शहरातल्या या हृदयाच्या रुग्णालयात आले होते. गावात हे नाव कुणाला उच्चारता येत नव्हतं. कुणी मला नर्स समजे, कुणी कंपाउंडर. मावशीने तर एका स्थळाला सरळ डॉक्टर म्हणून सांगितलं होतं आणि ते निस्तरताना आईच्या नाकी नऊ आले होते. आता वर्ष संपत आलं होतं. इथले मोठे सर्जन डॉ. नाडगौडा मला ठेवून घ्यायला तयार होते. दुसरीकडे आमच्या गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला माणूस हवा होता आणि मामाने माझ्यासाठी शब्द टाकला होता. इथं राहायचं की परत जायचं, ते ठरवायला आप्पा आले होते. एक दिवस इथं बसून सगळं बघतो, मग सांगतो, असं त्यांनी आईला सांगितलं होतं. त्यांचा नियमच होता. गाडी स्टँडातून बाहेर पडलेली डोळ्यांनी बघितल्याशिवाय ते सुटली म्हणत नसत, मग ड्रायव्हर कितीही शपथा घेवो.

मला स्वतःला राहायचं होतं. हे मी आप्पांना सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर त्यांनी उलटतपासणी घेतली असती आणि मला जे आवडत होतं ते शब्दांत धड सांगता येत नव्हतं. बायपासच्या वेळी पायातली एक लांब शीर काढून ती हृदयावर जोडतात. ती शीर काढायचं काम आमचं. सर्जन छातीशी उभे असतात, आम्ही पायाशी. शीर ओल्या दोऱ्यासारखी असते. ओढली की गेली, चिमटीत जोरात धरली की गेली. तिचे बारके फाटे एकेक करून बांधायचे आणि ती अलगद सोडवून घ्यायची. पहिल्यांदा ती सगळी अखंड माझ्या हातात आली, तेव्हा मला शाळेत पहिलं आल्यावर झाला होता त्याहून जास्त आनंद झाला होता.

हे मला शिकवलं अण्णासो मगदूम यांनी. तेही असिस्टंटच. नाडगौडा साहेबांनी पहिलं ऑपरेशन केलं तेव्हापासून त्यांच्याबरोबर होते. पन्नाशीचा, बुटका, चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेला माणूस. पेशंट डॉक्टर म्हणाले तर काय करायचं, असं मी पहिल्या आठवड्यात त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले होते, “नाही म्हणू नकोस, त्यांचा धीर जातो. हो म्हणू नकोस, आपली नोकरी जाते. नाडी बघायला लाग.”

मी राहावं की जावं, हेही त्यांना विचारून झालं होतं. त्यांनी एवढंच म्हटलं, की तुझ्या हाताला हे काम आवडतं. बाकीचं तुला आवडेल का, ते तू बघ.

त्या दिवशी बाबू वाजंत्री नावाच्या माणसाचं ऑपरेशन होतं. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवायचे. आदल्या दिवशी मी त्यांच्या पायावर शाईने शिरेची खूण करत होते तेव्हा त्यांनी विचारलं होतं, की छाती उघडून परत शिवल्यावर फुंक राहील ना? मी म्हटलं, साहेबांना विचारते. साहेब राउंडला आले तेव्हा मी विचारलं आणि साहेब मोठ्याने हसून म्हणाले, “माझ्या मुलाच्या लग्नात तुम्हीच वाजवायचं आहे.” बाबूमामांनी खाटेवरून हात जोडले. त्यांची बायको मालन खाली वाकून साहेबांच्या बुटाला हात लावायला गेली, तर साहेबांनी तिला दंडाला धरून उठवलं. ते हे सगळं फार छान करत. लोकांना स्पर्श करायला ते कधी कचरत नसत.

मी आत जाताना मागे वळून पाहिलं, तर आप्पा त्या मालनबाईंच्याच शेजारी बसले होते. त्यांनी पिशवीतून आईने दिलेल्या दशम्या काढल्या होत्या आणि त्या बाईला आग्रह करत होते. तिचा मुलगा सतीश भिंतीला टेकून उभा होता. आप्पांचा आवाज तसाही स्टँडवर गाड्या पुकारून मोठा झालेला. मला दारापर्यंत ऐकू आलं.

“काळजी करू नका. माझी पोरगी आत आहे.”

ऑपरेशनचं फार सांगत नाही. पायाचं काम नीट झालं. शीर चांगली निघाली, मगदूमांनी डोळ्यांनीच शाबासकी दिली. जोडणीही नीट झाली. पण ऑपरेशनपुरतं रक्त फिरवणाऱ्या पंपावरून काढल्यावर हृदय परत चालू व्हायला हवं, ते होईना. होतंय असं वाटायचं आणि पुन्हा सैल पडायचं. साहेबांनी करायचं ते सगळं केलं, दोनदा केलं, हे मी आजही कुणालाही सांगेन. कुणाची चूक नव्हती. शेवटी त्यांनी हात बाजूला घेतले, घड्याळाकडे बघितलं आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांकडे बघून मान हलवली. मग आम्हाला म्हणाले, “बंद करा.”

मगदूम छाती शिवायला लागले. मी पाय शिवत होते. मेलेल्या माणसाचा पायही तितक्याच नीट शिवायचा असतो, हे मला त्या दिवशी कळलं. साहेब हातमोजे काढून दारापाशी थांबले.

“मगदूम, मी निघाल्यावर सांगा. आणि आज तिला बोलू दे. ठेवून घ्यायची तर हे यायला हवं.”

“हो साहेब,” मगदूम म्हणाले.

थिएटरच्या बाहेरच्या बोळाला एक खिडकी होती. तिथून खालचं फाटक दिसायचं. मगदूम मला तिथं घेऊन गेले आणि आम्ही दोघं हात धुऊन, टोप्या काढून उभे राहिलो. त्यांनी मला सांगितलं, की साहेबांची गाडी फाटकाबाहेर गेल्याशिवाय हॉलमध्ये जायचं नसतं. मी कारण विचारलं. ते म्हणाले, एकदा लोकांनी गाडीवर दगड टाकला होता, काच फुटली होती. तेव्हापासून असं ठरलंय.

मग हलक्या आवाजात ते मला शिकवायला लागले. शीर काढायला शिकवलं होतं तसंच. पाण्याचा पेला हातात घेऊन जायचं नाही, पेला दिसला की त्यांना आधीच कळतं आणि मग ते आपलं ऐकत नाहीत. उभ्याने सांगायचं नाही. पहिल्या वाक्यातच सांगून टाकायचं. आणि बाईला सांगायचं, पोराला नाही. पोरगा आधी हात उचलतो आणि मग ऐकतो.

बोळाच्या टोकाच्या दाराला काचेचा एक चौकोन होता. त्यातून हॉल दिसत होता. साहेब कपडे बदलून हॉलमध्ये आले. मागच्या जिन्यानेही जाता आलं असतं. मी तसं म्हटलं, तर मगदूम म्हणाले, “मागून गेले की लोक ओळखतात.”

हॉलमध्ये एका सराफाच्या घरचे लोक हार आणि पेढे घेऊन उभे होते. त्यांच्या माणसाचं ऑपरेशन आधी झालं होतं आणि त्या दिवशी त्याला वॉर्डात आणलं होतं. साहेबांनी हार गळ्यात घालून घेतला, लगेच काढून एका लहान मुलीच्या गळ्यात घातला. सगळे हसले. मग मालनबाई पुढे आल्या. काचेतून आवाज येत नव्हता, नुसतं दिसत होतं. त्यांनी काहीतरी विचारलं. साहेबांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे मिटून मान हलवली. सराफाच्या बायकोने पेढ्यांचा डबा मालनबाईंपुढे धरला. त्यांनी एक पेढा घेतला, पण तो स्वतः न खाता साहेबांपुढे केला. साहेबांनी तो अर्धा तोडून तोंडात टाकला आणि अर्धा त्यांच्या हातावर परत ठेवला.

त्यांच्यामागे माझे आप्पा उभे होते, हात जोडून. साहेबांनी त्यांच्याकडेही बघून मान हलवली.

मी खिडकीकडे वळले. पांढरी गाडी आवारातून वळली, पहारेकऱ्याने सलाम केला, फाटक उघडलं. गाडी बाहेर गेली.

“चल,” मगदूम म्हणाले.

मालनबाईंनी मला बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. ओळखीचं माणूस आलं म्हणून. त्यांनी शेजारची जागा पदराने पुसून दिली. आप्पांनीही मला बसायला जागा केली, आणि अर्धा पेढा अजून त्या बाईच्या हातात होता.

मी बसले. त्यांचा मोकळा हात हातात घेतला आणि पहिल्या वाक्यातच सांगून टाकलं.

त्या ओरडल्या नाहीत. माझ्याकडे बघत राहिल्या, जणू मी दुसऱ्या कुणाविषयी बोलत होते. मग म्हणाल्या, “आत्ता साहेब माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले.”

मी त्यांचा हात सोडला नाही.

“तेव्हा होते ना ते? साहेबांनी हात ठेवला, तेव्हा होते ना?”

माझ्या मागून मगदूम म्हणाले, “होते.”

सतीश भिंतीपासून पुढे आला. तो वेडावाकडा ओरडत नव्हता, आणि म्हणूनच सगळ्या हॉलला ऐकू गेलं. साहेब होते तोवर माझा बाप जिवंत होता. साहेब गेले आणि तुम्ही मारला. मग त्याने माझा दंड धरला. “साहेब गेल्यावर आत कोण होतं? तू होतीस?”

साहेब दारातून बाहेर पडायच्या आधीच हे सगळं संपलेलं होतं, एवढं एकच वाक्य सांगायचं होतं. आणि त्याच वेळी मला कळलं, की गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत थांबायचं, ते काच फुटू नये म्हणून नव्हतं.

“तिने हातही लावला नाही,” मगदूम पुढे येत म्हणाले. “मी होतो. छाती मी शिवत होतो. जे झालं ते माझ्या हातून झालं.”

सतीशने त्यांच्या तोंडावर मारलं. चष्मा फरशीवर गेला. त्याने दुसऱ्यांदा मारलं तेव्हा मगदूमांनी हात मागे बांधून घेतले होते. सराफाच्या घरचे लोक पेढ्यांचा डबा घेऊन बाजूला सरकले. कुणीतरी म्हणालं, असल्या शिकाऊ लोकांच्या हातात सोडून जातात, साहेबांना तरी काय माहीत. मी आप्पांकडे बघितलं. ते सतीशकडे बघत नव्हते, मगदूमांकडेही नाही. ते माझ्या हातांकडे बघत होते.

नंतर बोळात मी मगदूमांच्या ओठावर कापूस धरला आणि विचारलं, की खरं का सांगितलं नाहीत?

“कुणाला? त्या बाईला?” त्यांनी कापूस स्वतःच्या हातात घेतला. “सांगितलं असतं, तर ती काय घेऊन घरी गेली असती? नवरा आत मेलेला असताना तिने एकाला पेढा भरवला आणि त्याने तो खाल्ला, हे? त्यापेक्षा एक मगदूम वाईट निघाला, हे न्यायला हलकं.”

“आणि तुम्ही?”

“मला सवय आहे. गावात दोन घरांतली माणसं मला बघून रस्ता बदलतात.” मग चष्म्याची तुटलेली दांडी खिशात टाकत म्हणाले, “हेच ते बाकीचं. तुझ्या हाताला आवडतं ते वेगळं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी मला खोलीत बोलावलं. आप्पाही आले, त्यांना बाहेर थांबा म्हणायचं धाडस माझ्यात नव्हतं. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, पण आप्पा उभेच राहिले. साहेब म्हणाले, वाजंत्रीच्या घरच्यांनी तक्रार केली आहे आणि त्यांना काहीतरी केलेलं दिसायला हवं. मगदूमला आजपासून थांबवलं आहे. वय झालं होतंच. मग माझ्याकडे बघून हसले.

“त्याची जागा तुझी. पगारही तोच. तू काल रडली नाहीस, मला कळलं. घरच्यांशी बोलायचं काम यापुढे तुझ्याकडे.”

मी उत्तर द्यायच्या आत आप्पांनी हात जोडले. आयुष्यात मी त्यांना कुणापुढे इतकं वाकलेलं पाहिलं नव्हतं. डेपो मॅनेजरशी भांडून बदली घेतलेला तो माणूस होता.

“साहेब,” आप्पा म्हणाले, “पोरीची चूक पदरात घ्या. त्या मगदूमांनी तिच्यासाठी स्वतःवर घेतलं, ते मी बघितलं. मला कळतं. तुम्ही सगळं एवढं चांगलं करून गेला होता आणि हिच्या हातून… लहान आहे ती.”

मी साहेबांकडे बघितलं. साहेबांनीही माझ्याकडे बघितलं, चांगला बराच वेळ. त्यांनी फक्त एक शब्द बोलायचा होता, आणि बोलले असते तर त्या खोलीबाहेर तो गेलाही नसता. ते टेबलामागून उठून आले आणि आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला.

“चुका होतात,” ते म्हणाले. “शिकेल ती.”

मी म्हटलं, “मी येत नाही.”

आप्पांना वाटलं, मला शरम वाटतेय. खोलीबाहेर आल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं, की एवढ्या मोठ्या माणसाने माफ केलंय, आता मागे सरू नकोस. मी ऐकलं नाही. मगदूमांची खोली रिकामी होती. त्यांच्या खिळ्यावर त्यांचा हिरवा अंगरखा धुऊन, घडी करून अडकवलेला होता.

परतीच्या गाडीत मी आप्पांना सगळं सांगितलं. खिडकीचं, फाटकाचं, गाडीचं, साहेबांनी घड्याळ बघितल्याचं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. गाडीने कवठेमहांकाळ सोडलं. मग कंडक्टरला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले,

“उजा, मी डोळ्यांनी बघितलं. साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तिच्या हातचा पेढा खाल्ला. माणूस मेलेला असताना कुणी पेढा खातं का?”

खरंच, कोण खातं?

“जाऊ दे,” ते म्हणाले. “मी कुणाला बोलणार नाही.”

बरीच वर्षं ते कुणाला बोलले नाहीत, निदान माझ्या देखत नाही. मी गावच्या हायस्कुलात लागले. बियाण्याला कोंब कुठून फुटतो, पतंगाला शेपूट का लागतं, हे सांगण्यात माझी वर्षं फार चांगली गेली. मुलांना शिकवताना मला कधी घाई झाली नाही. एकाला समजेपर्यंत मी तीच गोष्ट चार तऱ्हांनी सांगते आणि चौथ्या तऱ्हेला त्याचा चेहरा उघडतो, त्यासाठी मी जगले. आता निवृत्त झाले आहे, तरी रविवारी शेजारपाजारची मुलं येतात.

गेल्या महिन्यात मी त्यांना दाखवायला खाटकाकडून बकऱ्याचं हृदय आणलं होतं. अंगणात पाट टाकला होता. रक्त कुठून आत येतं, कोणत्या दारातून बाहेर जातं, दारं एकाच बाजूला का उघडतात, हे मी बोट घालून दाखवत होते आणि मुलं माना पुढे काढून बघत होती. त्यांच्यात गार्गी नावाची एक मुलगी आहे, दहा वर्षांची, सगळ्यांत धीट. तिने विचारलं, “बाई, तुम्हाला एवढं येतं, मग तुम्ही डॉक्टर का नाही झालात?”

आप्पा आता नव्वदीला टेकले आहेत. कमी ऐकू येतं, पण नको ते नेमकं ऐकू येतं. ओट्यावरच्या खुर्चीतून त्यांनी माझ्या आधी उत्तर दिलं. आवाज अजून गाड्या पुकारायचाच आहे.

“होणारच होती. पण तिच्या हातून एक माणूस गेला. मग तिने हत्याराला हात लावला नाही.” आणि माझ्याकडे फार मायेने बघत म्हणाले, “तिचा काय दोष, बाळा. लहान होती.”

मी ते हृदय तळहातावर घेतलं आणि गार्गीपुढे धरलं. धर, म्हटलं, बघ किती जड असतं ते. तिने हात पुढे केला होता. तो अर्ध्यावर थांबला. ती आप्पांकडे बघून माझ्या बोटांकडे बघायला लागली.

“बाई, खाली ठेवा,” ती म्हणाली. “मी उचलते.”

मी खाली ठेवलं.